उरलेली रेघ

आधी एदोबेईच्या हातांबद्दल बोलायला हवं, कारण चित्रात नजर पहिली तिथेच जाते. शाराकू या जपानी चित्रकाराच्या त्या प्रसिद्ध छापचित्रात ओतानी ओनिजी (तिसरा) हा काबुकी नाटकांतला नट एदोबेईच्या भूमिकेत मान पुढे काढून, ओठ आवळून, बुबुळं नाकाशी आणून समोरच्यावर रोखून बघतोय, आणि किमोनोच्या घडीतून त्याचे दोन पंजे बोटं फाकून बाहेर आले आहेत. हे हात कुठल्याही हिशेबात बसत नाहीत. मनगट कुठे वळलंय, कोपर कुठे असेल, काही पत्ता लागत नाही. चेहऱ्याच्या मानाने ते लहान आहेत, जरा बावळटच आहेत. पण झाकून बघा, समोर उरतो फक्त एक रागावलेला माणूस. हात उघडा, की तोच माणूस दुसऱ्याच्या पैशावर झडप घालायला निघालेला असतो.

नाटक 1794 च्या पाचव्या महिन्यात एदोच्या, म्हणजे आजच्या तोक्योच्या, कावाराझाकी-झा नाटकगृहात लागलेलं होतं. एदोबेई हा भाडोत्री गुंड. इप्पेई नावाच्या नोकराकडे मालकाचे पैसे आहेत आणि ते याला लुटायचेत. इप्पेईचं काम इचिकावा ओमेझो करत होता, त्याचंही चित्र शाराकूने काढलं. दोन्ही कागद शेजारी ठेवले तर एकाचे पंजे आणि दुसऱ्याची तलवारीवरची मूठ समोरासमोर येते. त्या काळी ज्यांनी दोन्ही विकत घेतले असतील त्यांनी ते तसेच ठेवून पाहिले असणार.

मी या छापांच्या ब्रशने नकला करते. पोस्टर कलर, जाड हातकागद, झिरो नंबरचा ब्रश. विकायला नाही, प्रदर्शनाला नाही, संध्याकाळी टीव्हीसमोर बसण्यापेक्षा बरं म्हणून. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियमने एदोबेईची भलीमोठी फाइल कुणालाही उतरवून घेता येईल अशी ठेवली आहे. ती इतकी मोठी करता येते की कागदाचे तंतू दिसायला लागतात. बसल्या जागी एवढं जवळून बघायला मिळणं ही चैनच म्हणायची.

नक्कल करायला हा माल सोपा वाटतो. शेडिंग नाही, सावली नाही, मागे डोंगर-झाडं नाहीत. सपाट रंग भरायचे आणि वरून काळी रेघ ओढायची. रंग खरंच भरता येतात. गाडी अडते ती रेघेपाशी.

एदोबेईच्या कानाखालून निघून हनुवटीला वळसा घालणारी जबड्याची रेघ घ्या. ब्रशने ती ओढली की ब्रश आपली सगळी हकिगत कागदावर सांगून टाकतो. टेकवला तिथे रंगाचा ठिपका, मध्ये जरा दाबला गेला तिथे फुगवटा, रंग संपत आला तिथे कोरडे केस. छापातल्या रेघेला यातलं काहीच नाही. ती जाड होते, बारीक होते, शेवटी सुईसारखी टोकदार होऊन थांबते, पण श्वास घेत नाही. दोन्ही कडा धारदार. मोठी करून बघावी, अजून मोठी करावी, तरी धारदारच. हे ब्रशचं काम नव्हेच, कारण ही रेघ कुणी ओढलेलीच नाही. ती उरलेली आहे.

प्रकार असा असायचा. चित्रकार पातळ कागदावर शाईने रेखाटन करायचा. तो कागद डोंगरी चेरीच्या लाकडी फळीवर पालथा चिकटवायचा, वरून हलक्या हाताने चोळत चोळत तंतू काढून टाकायचे, म्हणजे रेषा उलट्या दिसायला लागतात. मग कोरणारा कारागीर प्रत्येक रेघेच्या अल्याड एक चीर देतो, पल्याड एक चीर देतो, आणि बाकीचं लाकूड खणून काढतो. मध्ये उभा राहतो तो लाकडाचा बारीकसा बांध. तोच शाई घेतो, तोच कागदावर उतरतो. ब्रश रेघेच्या मधून चालतो आणि सुरी तिच्या दोन्ही बाजूंनी, हा सगळा फरक. मी हल्ली कधी कधी अवघड रेघ आधी जाड ओढते आणि मग दोन्ही बाजूंनी अंगाचा रंग चढवत तिला बारीक करत आणते. वेळखाऊ आहे, पण कोरणाऱ्याच्या जरा जवळ गेल्यासारखं वाटतं.

केसांचं तर विचारूच नका. कपाळावर केस जिथे सुरू होतात ती जागा कोरणं हे त्या धंद्यातलं सर्वांत वरचं काम, आणि ते कारखान्यातला मुख्य कारागीरच करायचा. किमोनो, पडदे, अक्षरं खालच्या हातांकडे, डोकं मात्र उस्तादाकडे. एका मिलिमीटरमध्ये दोन-तीन केस लाकडात उभे ठेवायचे, तेही वळणदार, तेही एकाही केसाचा टवका न उडवता. शाराकूच्या छापांवर कोरणाऱ्याचं नाव कुठेच नाही. कुनिसादा या पुढच्या चित्रकाराच्या 1850 नंतरच्या काही छापांवर मात्र कोपऱ्यात बारीक चौकटीत ‘होरि ताके’ अशी सही दिसते: कोरणारा ताके, म्हणजे योकोगावा ताकेजिरो. चित्रकाराचं नाव मोठं, प्रकाशकाचा शिक्का ठळक, आणि ज्याच्या मनगटावर सगळं उभं तो असा कोपऱ्यात. तरी निदान आहे.

या सगळ्यात मूळ चित्राचं काय होतं? ते मरतं. फळीवर चिकटवलेलं ते रेखाटन कोरताना कापलं जातं, लाकडाच्या सालींबरोबर केरात जातं. चित्रकाराच्या हातची म्हणावी अशी एकच वस्तू असते आणि चित्र तयार होण्यासाठी तीच नष्ट करावी लागते. मग काळ्या रेघेचे नमुने काढून चित्रकार त्यांवर कुठे कुठला रंग ते सांगतो, प्रत्येक रंगाची वेगळी फळी कोरली जाते, कोपऱ्यात कागद बसवायच्या खुणा ठेवल्या जातात, आणि छपाईवाला ओलसर कागद फळीवर पसरून बांबूच्या सालीत गुंडाळलेल्या चकतीने पाठीमागून घासत एकेक रंग उतरवतो. पहिला हप्ता साधारण 200 कागदांचा असायचा असं सांगतात. खपलं तर आणखी. पुढेपुढे कडा झिजायच्या, कधी रंगही बदलायचे. म्हणजे ‘अस्सल’ शाराकू म्हणून जो कागद आज लाखो डॉलरला जातो तो जन्मापासून प्रतच आहे, शेकड्यातली एक.

मला हे फार आवडतं. एकाचे अनेक झाले, आणि मी त्या अनेकांतल्या एकाकडे बघून पुन्हा एकच करते. प्रवाहाच्या उलट पोहणं आहे हे. त्यामुळेच कदाचित नकलेत सगळा दोष उघडा पडतो: चार माणसांच्या कामावर एकटीने हात मारायचा आणि वर रेघ थरथरली म्हणून तक्रार करायची!

रंगवून जमत नाही अशी आणखी एक गोष्ट म्हणजे मागची काळपट जमीन. शाराकूच्या पहिल्या 28 छापांत, म्हणजे नटांच्या त्या मोठ्या चेहऱ्यांच्या मालिकेत, मागे अभ्रकाची पूड आहे. पडद्यावर ती निव्वळ राखाडी दिसते. काचेपलीकडचा खरा छाप बघायचा तर सरळ उभं राहून उपयोग नाही, जरा वाकून, डावीकडे-उजवीकडे सरकून बघावं लागतं, मग ती पार्श्वभूमी मंद चमकायला लागते आणि चेहरा एकदम पुढे येतो. एदोतली नाटकगृहं अंधारीच असायची. खिडक्यांतून येईल तो उजेड, आणि महत्त्वाच्या प्रसंगी लांब काठीच्या टोकावर मेणबत्ती लावून रंगमंचावरचा मदतनीस ती नटाच्या तोंडासमोर धरायचा. अभ्रकावर तो डुगडुगणारा उजेड आहे, असं माझं मत. अभ्यासक याला प्रकाशकाची श्रीमंती म्हणोत. प्रकाशक होता त्सुताया जूझाबुरो, आणि तीनच वर्षांपूर्वी, 1791 मध्ये, सरकारला न मानवणारी पुस्तकं छापल्याबद्दल त्याची निम्मी मालमत्ता जप्त झाली होती. अशा माणसाने अनोळखी चित्रकाराच्या 28 चित्रांवर अभ्रक उधळावं, याला धंदा म्हणावं की जुगार?

जुगार म्हणावा, तर तो फसला. शाराकू जेमतेम दहा महिने टिकला. 140 च्या वर छाप, आणि 1795 च्या सुरुवातीला सगळं बंद. आवा प्रांताच्या सरदाराच्या पदरी असलेला साइतो जूरोबेई नावाचा, ‘नो’ या जुन्या नाट्यप्रकारातला नट म्हणजेच शाराकू, असं आज बहुतेक जाणकार मानतात. त्याच काळातला लेखक ओता नान्पो याने कारण एका वाक्यात सांगून टाकलंय: हा नटांची चित्रं काढायचा, पण फार खरं काढायला गेला, काढू नये ते काढलं, म्हणून लोकांत चाललं नाही. माझ्या मते शाराकूवर त्यानंतर लिहिल्या गेलेल्या ढीगभर मजकुरात या वाक्याच्या पुढे फारसं कुणी गेलेलं नाही.

कारण हे छाप विकत घेणारे कोण होते ते बघा. पुढच्या शतकात साध्या छापाची किंमत 16-20 मोन, म्हणजे रस्त्यावरच्या एका वाडगाभर सोबा नूडल्सएवढी. घेणारे दुकानातले नोकर, कारागीर, घरातल्या बायका. त्यांना आवडता नट आवडेल तसा हवा होता. दांजूरो (आठवा) हा देखणा नट 1854 मध्ये ओसाकात, तिशीच्या आतबाहेर, स्वतःच्या हाताने गेला तेव्हा त्याच्या मृत्यूवरचे दोनशेहून अधिक वेगवेगळे छाप निघाले. काहींत तो बुद्धासारखा आडवा निजलाय आणि भोवती रडणाऱ्या बायकांची रांग. अशा गिऱ्हाइकाला शाराकूने काय दिलं? वाकडं नाक, ढिली हनुवटी, आणि स्त्रीपार्टी नटांच्या पांढऱ्या रंगाखालचा पुरुष.

हे शेवटचं आपल्याकडच्या माणसाला पटकन कळावं. काबुकी 1603 च्या सुमारास ओकुनी नावाच्या एका नर्तकीने क्योतोत सुरू केलं असं मानतात. 1629 मध्ये सरकारने बायकांना रंगभूमीवर बंदी घातली, 1652 मध्ये कोवळ्या पोरांनाही, आणि मग मोठ्या पुरुषांनी स्त्रीभूमिका करायच्या असं ठरून गेलं. हे नट, ‘ओन्नागाता’, बायकांच्या कपड्यांची फॅशन ठरवायचे. सानोगावा इचिमात्सू या अठराव्या शतकातल्या नटाने चौकड्यांचं वस्त्र नेसलं आणि ती चौकड्यांची नक्षी आजही त्याच्या नावाने ओळखली जाते. तोक्यो ऑलिंपिकचं ते निळं बोधचिन्ह आठवतं ना? तीच नक्षी. आपल्याकडे बालगंधर्वांच्या साड्या, अंबाडा, पदर घ्यायची तऱ्हा बायकांनी उचलली, त्यांचे फोटो घराघरांत लागले. उतारवयात, शरीर सुटल्यावरही ते स्त्रीभूमिका करत राहिले आणि रसिकांनी ते आनंदाने पत्करलं. पण ती सुटलेली हनुवटी, तो रुंद खांदा पुढे आणून कुणी चित्र छापलं असतं तर? महाराष्ट्राने त्या चित्रकाराला दहा महिने तरी दिले असते का, शंकाच आहे.

शाराकूचा सेगावा तोमिसाबुरो (दुसरा) बघावा. भूमिका एका सरदाराच्या पत्नीची, यादोरिगीची. कपाळावर जांभळं वस्त्र, अंगावर नीटनेटका किमोनो, आणि मध्ये लांबोडका, हाडं वर आलेला, थकलेला चेहरा. डोळे बारीक. तोंडाची रेघ खाली ओढलेली. याची नक्कल करताना ब्रश आपोआप चेहरा गोड करायला जातो. गाल जरासा भरतो, डोळा केसभर उघडतो. हाताला सुंदर बाई काढायची सवय असते, ती मोडून काढावी लागते. या चित्रात कुचेष्टा नाही असं मला दर वेळी वाटतं. बाईचं काम करणारा एक मध्यमवयीन माणूस त्या दिवशी कसा दिसत होता, एवढंच आहे.

हे नट ब्रशने कधी रंगवलेच गेले नाहीत असं नाही. खरं तर सुरुवातच रंगवण्यातून झाली. तोरी घराणं एदोच्या नाटकगृहांबाहेरचे फलक रंगवायचं, आणि त्याच हाताने सतराव्या शतकाच्या शेवटी नटांचे छाप काढायला लागलं. लांबून, गर्दीतून, वर टांगलेला फलक दिसला पाहिजे, म्हणून त्यांनी वीरांच्या पोटऱ्या दुधीभोपळ्यासारख्या फुगवल्या आणि रेघ गांडुळासारखी वळवळती ठेवली. ही उपमा माझी नव्हे. जपानी कलासमीक्षेत या शैलीचं नावच ते आहे, ‘भोपळापाय, गांडूळरेघ’. घराण्याची नववी प्रमुख तोरी कियोमित्सू ही बाई होती आणि 2021 मध्ये वारेपर्यंत काबुकीचे फलक रंगवत होती. गांडूळरेघ मात्र ब्रशनेच काढायची असते. तिथे फुगवटा आला तरी चालतो, किंबहुना यावाच लागतो. सुरीच्या रेघेशी झटून हात आखडला की मी तोरींचा एखादा वीर घेते.

आणि चेहरा रंगवण्याची परंपरा तर स्वतः नटाचीच. लाल पट्टे वीराचे, निळे दुष्टाचे आणि भुताखेताचे. प्रयोग संपल्यावर नट कधी कधी त्या रंगलेल्या तोंडावर रेशमी कापड दाबतो आणि चेहऱ्याचा छाप काढून चाहत्याला देतो. फळीही तोच, रंगही तोच, छपाईवालाही तोच.

परदेशात या छापांच्या रंगीत नकला करणाऱ्यांत सर्वांत प्रसिद्ध व्हॅन गॉग. 1886-87 च्या हिवाळ्यात पॅरिसच्या बिंग नावाच्या व्यापाऱ्याकडून त्याने 660 च्या आसपास जपानी छाप घेतले. विकून पैसे करायचे होते, ते काही झालं नाही. त्यातले पुष्कळ आज ॲमस्टरडॅमला त्याच्या नावाच्या म्युझियममध्ये आहेत. एइसेन या जपानी चित्रकाराच्या गणिकेची त्याने केलेली मोठी नक्कल प्रत्यक्ष छापावरून नाही, तर एका फ्रेंच मासिकाच्या 1886 च्या मुखपृष्ठावरून आहे, आणि मासिकाने चित्र उलटं छापलेलं होतं. त्याने ट्रेसिंग पेपरवर चौकटी आखून ते मोठं केलं, तसंच उलटं रंगवलं. म्हणजे लाकडात उलटी, कागदावर सुलटी, मासिकात पुन्हा उलटी, आणि तैलरंगात तशीच कायमची. त्या बाईला बिचारीला कुठल्या कुशीवर वळायचं तेच कळलं नसेल.

नट शोधायचा तर त्याचं तांग्वी यांचं चित्र बघावं, पॅरिसच्या रोदँ म्युझियममधलं. मोंमार्त्रमधले हे रंगविक्रेते मोठी टोपी घालून, हात पोटावर जुळवून, बुद्धासारखे बसलेत आणि मागची भिंत जपानी छापांनी भरलेली. फुजी आहे, चेरीचा बहर आहे, आणि कुनिसादाच्या छापावरून घेतलेली, भरजरी किमोनोतली एक आकृती आहे. पर्यटक तिला बाई समजून पुढे जातात. तो नट आहे. पण व्हॅन गॉगने कुनिसादाची रेघ राखायचा प्रयत्नच केलेला नाही. कोरणारे तळमळावेत असे जाड, ओले फटकारे मारलेत आणि किमोनो पेटवून दिलाय. माझ्यासारखी माणसं रेघेशी भांडत बसतात. त्याने ती सरळ सोडून दिली. हेवा वाटतो, दुसरं काय.

शाराकूच्या स्वतःच्या ब्रशचं काय, असा प्रश्न मला फार दिवस होता, कारण छापात तर त्याचा ब्रश कापून टाकलेला. उत्तर निघालं भलत्याच ठिकाणी, ग्रीसच्या कॉर्फू बेटावर. तिथे एका राजवाड्यात आशियाई कलेचं म्युझियम आहे. ग्रिगोरिओस मानोस या ग्रीक मुत्सद्द्याने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस युरोपातल्या बाजारांतून जमवलेला संग्रह त्याच्या मुळाशी आहे. 2008 मध्ये जपानी अभ्यासकांना त्यात पंख्याच्या कागदावरचं एक हाती रंगवलेलं चित्र सापडलं, खाली शाराकूची सही. ‘चूशिंगुरा’ नाटकातले बाप-लेक, होन्झो आणि कोनामी. बाप चौथा मात्सुमोतो कोशिरो, लेक मात्सुमोतो योनेसाबुरो, अर्थात पुरुषच. नाटक 1795 च्या मध्यातलं, म्हणजे छाप बंद पडल्यानंतरचं. प्रकाशक नाही, अभ्रक नाही, कोरणारा नाही, तरी हा काढतच होता. छायाचित्रांत बघितलं तर रेघ बारीक, मऊ, जरा भित्रीसुद्धा. एदोबेईच्या जबड्याची ती कठोर धार इथे नाही. ती धार बरीचशी त्या निनावी कोरणाऱ्याची होती, असं मी आता बेधडक म्हणते. तज्ज्ञ काय म्हणतील ते म्हणोत.

कोरणाऱ्याची खरी गंमत बघायची तर कुनियोशी या चित्रकाराकडे जावं. 1842 मध्ये सरकारने साधेपणाची मोहीम काढली आणि नटांची, गणिकांची चित्रं छापायलाच बंदी घातली. त्याच वर्षी सातव्या दांजूरोला उधळपट्टीबद्दल एदोतून हद्दपार केलं. सगळ्या प्रकाशकांचे धाबे दणाणले. 1847 च्या सुमारास, पकड जरा सैलावल्यावर, कुनियोशीने एक मालिका काढली: गोदामाची भिंत, आणि तिच्यावर पोराटोरांनी खिळ्याने किंवा कोळशाने खरडावेत तसे चेहरे. वेडेवाकडे, पेन्सिल नीट धरता न येणाऱ्याने काढल्यासारखे. मधेच डोक्याला पंचा बांधून नाचणारी दोन शेपट्यांची मांजर. सरकारी माणसाने विचारलं तर म्हणायला मोकळे, साहेब, भिंतीवरचं गिरबट आहे, यात नट कुठले? आणि विकत घेणारा नाकावरून, हनुवटीवरून, भुवईवरून एकेकाला ओळखत बसलेला.

यातली एक-दोन डोकी मी रंगवली. ब्रशने ती झटकन येतात, गिरबटच ते. अडचण फार तर एवढीच की फार सुबक होऊ द्यायचं नाही. पण चेरीच्या फळीसमोर बसलेल्या त्या माणसाचा विचार करा. ज्याने आयुष्यभर मिलिमीटरमध्ये तीन केस उभे केले त्याच्यासमोर हे ठेवलं, आणि सांगितलं की खिळा घसरल्यासारखी रेघ हवी. घसरलेल्या रेघेच्याही अल्याड एक चीर, पल्याड एक चीर. तुटक जागी लाकूड नेमकं तुटक ठेवायचं, खरबरीत कड खरबरीतच कोरायची, आणि एकही टवका चुकून उडू द्यायचा नाही. सुबक कोरण्याचे पैसे मिळायचे तेवढेच याचेही मिळाले असतील का, की पोराटोरांचं काम म्हणून प्रकाशकाने त्यातही घासाघीस केली असेल?